झडप आणि हिरडी

हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाला गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ असतात आणि रक्त किती पातळ झाले आहे हे पाहणारी तपासणीही तो सहसा चुकवत नाही. हिरडीतून रक्त येते हे मात्र तो हृदयाच्या डॉक्टरांना सांगत नाही, कारण त्याच्या लेखी तो दाताच्या दवाखान्याचा विषय असतो, आणि पुष्कळदा त्याला कोणी विचारतही नाही.

सुजलेल्या हिरडीतून तोंडातील जंतू रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा लवकरच नाश करते. परंतु कृत्रिम झडपेवर, किंवा घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपेवर, ते चिकटून वाढू शकतात आणि हृदयाच्या आतील अस्तराचा दाह, म्हणजे एन्डोकार्डायटिस, उद्भवतो. या भीतीपोटी अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1955 पासून दात काढण्यापूर्वी प्रतिजैविके देण्याची शिफारस केली. 2007 मध्ये त्याच संस्थेने ती कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हा आजार, विशिष्ट जन्मजात दोष अशा मोजक्या रुग्णांपुरती सीमित केली. कारण वर्षाकाठी एखादा दात काढताना जेवढे जंतू रक्तात जातात, त्याहून कितीतरी अधिक आजारी हिरड्यांतून रोजच्या चावण्याने आणि घासण्याने जातात. (स्टेंट बसवलेल्यांना या प्रतिजैविकांची गरज नसते.) या बदलाचा खरा अर्थ असा की संरक्षणाचा भार औषधाच्या एका मात्रेवरून रोजच्या सवयीवर आला, आणि सवय ही गोळीसारखी चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. हिरड्यांच्या आजारामुळेच हृदयाच्या धमन्या अरुंद होतात, असे मात्र सिद्ध झालेले नाही. दोहोंचा संबंध आढळतो, पण तंबाखू आणि मधुमेह ही दोहोंची सामाईक कारणे आहेत.

तंबाखूचा मुद्दा वाशिम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावी सर्वाधिक बोचरा ठरतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे 24 टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते. विदर्भात खर्रा चघळला जातो, तर राज्याच्या अनेक भागांत भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावली जाते आणि त्यालाच दात घासणे समजले जाते. जे व्यसन हृदयाला घातक, तेच स्वच्छतेचा वेष घेऊन तोंडात शिरते, आणि दात दुखू लागल्याशिवाय दंतवैद्यासाठी तालुक्याचे मालेगाव किंवा वाशिम गाठावे असे कोणाला वाटत नाही. दुसरा धोका याच्या उलट आहे: दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रुग्ण स्वतःच्या मनाने थांबवतो, वास्तविक जखमेचे रक्त बहुधा दाबून किंवा टाका घालून थांबवता येते, पण बंद पडलेला स्टेंट किंवा झडपेवर धरलेली गुठळी जीवावर बेतते.

मुलांच्या बाबतीत हृदय आणि दात यांची ही फाळणी निदान कागदावर तरी नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयदोष, संधिवाताचा हृदयविकार आणि दातांचे विकार हे तिन्ही आहेत, म्हणजे अंगणवाडीत व शाळेत येणारे पथक एकाच मुलाची छातीही तपासते आणि तोंडही. झडपेत दोष सापडलेल्या मुलाच्या किडलेल्या दातांवर शस्त्रक्रियेच्या तारखेआधी उपचार व्हावेत, ही सांगड घालण्याची पहिली संधी त्या पथकालाच मिळते.