डावा गुडघा

बारावीत असताना शालेय कुस्तीच्या जिल्हा स्पर्धेत, १९ वर्षांखालील ६१ किलो गटाच्या अंतिम लढतीत माझ्यासमोर माझाच जोडीदार आला. चार वर्षं आम्ही नांदेडच्या एकाच तालमीत, एकाच हौदात लढलेलो. त्याचा डावा गुडघा दुखावलाय हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. एक तो, दुसरा मी. वस्तादांनाही माहीत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी सरावात मीच त्याचा पट काढला होता, पाय वाकडा पडला आणि आतून काहीतरी कटकन वाजलं. "कुणाला सांगू नको, वस्ताद खेळू द्यायचे नाहीत," एवढंच तो बोलला. मी मान हलवली.

अडचण अशी की माझा हुकमी डाव होता एकेरी पट, आणि तोही डाव्या पायाचा.

कुस्ती न खेळलेल्यांना तालीम म्हणजे नुसत्या जोर-बैठका वाटतात. खरं शिक्षण लढतीत होतं आणि लढतीला दुसरा माणूस लागतो. रोज पहाटे तुम्ही आपली मान, खांदा, गुडघा त्याच्या हातात देता. त्यानं वेळेवर सोडलं नाही तर तुम्ही दवाखान्यात. आमच्या तालमीत मारुतीशेजारी हरिश्चंद्र बिराजदारांचा फोटो आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा पैलवान १९६९चा महाराष्ट्र केसरी. १९७०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणलं, आणि २०१८ला गोल्ड कोस्टमध्ये ५७ किलोत सुवर्ण जिंकणारा बीडचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडला. फोटो वस्तादांचे लागतात. ज्याला रोज आपटून आपण शिकतो, त्या जोडीदाराचा फोटो मी कुठल्याच तालमीत पाहिला नाही.

तर प्रश्न. ओढायचा का तो पाय?

नियमाच्या बाजूनं बघितलं तर विचार करायलाच नको. पट कायदेशीर, पाय समोर, दोन गुण. मॅटवर उतरला तो लढायला तयार आहे, असंच धरायचं. आणि हे म्हणणं पोकळ नाही. टोकियोत बजरंग पुनिया दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळत होता. कांस्यपदकाच्या लढतीत त्यानं गुडघ्याची पट्टीच काढून ठेवली आणि ८-० नं जिंकला. असा माणूस मला जपा म्हणत नाही. त्याला जपणं म्हणजे त्याचा निर्णय आपण रद्द करणं.

दुसऱ्या बाजूला १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या ज्युदो फायनलची गोष्ट सांगतात. जपानचा यामाशिता उजव्या पायानं लंगडत होता आणि इजिप्तच्या मोहम्मद रशवाननं त्या पायावर हल्ला केला नाही, असं म्हणतात. रशवान हरला, पण त्याला खिलाडूवृत्तीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रफीत बघून हल्ला झालाच होता म्हणणारेही आहेत. तो वाद जाऊ दे. यामाशिताचं लंगडणं अख्ख्या जगाला दिसत होतं. माझ्या जोडीदाराचा गुडघा मला दिसला नव्हता, त्यानं तो मला सांगितला होता. डोळ्यांनी हेरलेली कमजोरी आणि विश्वासानं हाती आलेली कमजोरी, या दोन गोष्टी मला आजही एक वाटत नाहीत.

तीन-तीन मिनिटांचे दोन डाव झाले. मी डाव्या पायाकडे गेलो नाही. एकदा तो पाय अगदी हाताशी आला होता, मी हात मागे घेतला. त्यानं ते पाहिलं, क्षणभर थांबला, आणि पुढच्या झटक्यात माझा पट काढला. ६-४. तो जिंकला.

इथवर मी स्वतःला फारसा दोष देत नाही. दोष पुढचा आहे.

परतताना टेम्पोत पोरं चिडवायला लागली, तसं माझ्या तोंडून निघून गेलं: "त्याचा गुडघा गेलाय म्हणून डावा पट काढला नाही, नाहीतर..." संध्याकाळपर्यंत तालमीत सगळ्यांना कळलं, वस्तादांनाही. त्यांनी त्याला विभागीय स्पर्धेला जाऊ दिलं नाही. जागा रिकामी गेली. शेतकऱ्याच्या घरात राज्य पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र म्हणजे काय असतं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. बारावीला वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. वस्तादांनी बरोबर केलं असं डॉक्टर म्हणतील, मीही म्हणेन. पण मी तोंड उघडलं ते त्याचा गुडघा वाचवायला नव्हतं. मी त्याचा विजय माझ्या नावावर करून घेतला होता.

आणखी एक संशय आहे, तो जास्त बोचतो. मॅटवरचं वर्तुळ नऊ मीटरचं. आत दोनच माणसं, खापर फोडायला तिसरं कुणी नाही. पूर्ण ताकदीनं लढून हरलो तर आपण कमी पडलो एवढंच उरतं. मी पाय सोडला तो दयेपोटी, की हरलो तर सांगायला काहीतरी असावं म्हणून? लढताना यातलं काहीच मनात नव्हतं, असं मला वाटतं. पण टेम्पोत ते वाक्य इतक्या चटकन आलं की ते आधीपासून तयार असावं.

दीड महिन्यानं तो तालमीत आला. मधल्या काळात माझे फोन त्यानं उचलले नव्हते. हौदात उतरला, मातीला हात लावला, सलामी दिली आणि डावा पाय पुढं टाकून उभा राहिला.

"ओढ."

"गुडघा?"

"माझा हाय न्हवं? तू कामून काळजी करायलास? ओढ."

मी पट धरला, पण अर्धाच ओढला. त्यानं त्याच पकडीतून मला फिरवून चीत केलं, पाठीची माती झटकली, आणि पुन्हा डावा पाय पुढं टाकला.