अकरावा फ्लॅग

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत एक मुलगा जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कवर काम करत असे. पहिलं काम एका सार्वजनिक ग्रंथालयाचं आलं. पुस्तकांची यादी दाखवायची, एका पानावर वीस. त्याने त्यासाठी एक फंक्शन लिहिलं. मग एका पतसंस्थेला सभासदांची यादी हवी झाली. पुन्हा तेच कशाला लिहायचं, म्हणून त्याने जुनंच फंक्शन दोघांसाठी ठेवलं आणि क्रम बदलता यावा म्हणून एक फ्लॅग जोडला. शोधासाठी दुसरा, एक्सेलमध्ये उतरवून घ्यायला तिसरा. दर फ्लॅगला त्याला वाटे, फंक्शन आणखी लवचीक झालं.

दहा फ्लॅग झाल्यावर पतसंस्थेने सांगितलं, शाखाधिकाऱ्याला फक्त आपल्या शाखेचे सभासद दिसले पाहिजेत. अकरावा फ्लॅग आला. चुकूनही दुसऱ्या शाखेची माहिती फुटू नये म्हणून त्याने तो मुळातच चालू ठेवला. हेतू चांगला होता. पण ग्रंथालयाची यादी लोक लॉगिन न करताच बघत. त्यांना कसली शाखा! दुसऱ्या दिवशी साइटवर एकही पुस्तक दिसेना.

घाईने दुरुस्ती करून तो टीम लीडकडे गेला. "मॅडम, बारावा फ्लॅग घालतो, म्हणजे ग्रंथालयापुरतं हे बंद राहील."

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "या वाटेने जँगोवालेसुद्धा गेले होते."

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत 2003 साली झाला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांना बातमीदारीच्या घाईत साइट उभ्या करायच्या असत. यादीचं पान, तपशिलाचं पान, हे तर सगळीकडे लागणारच. जँगोमध्ये त्यासाठी 'जेनेरिक व्ह्यू' आले, तेव्हा ती साधी फंक्शन होती. कुठल्या नोंदी, पानावर किती, कोणतं टेम्प्लेट, सगळं बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं. आर्ग्युमेंटमध्ये न बसणारं काही हवं झालं की त्याभोवती आपलं वेगळं फंक्शन गुंडाळा, नाहीतर सगळं पहिल्यापासून लिहा. मार्च 2011 मध्ये 1.3 ही आवृत्ती आली आणि तिच्यात याच कामासाठी क्लास आले.

"क्लासने काय बदललं?" मुलाने विचारलं.

"कामाचे तुकडे वेगळे झाले. नोंदी कुठून आणायच्या ती एक मेथड, टेम्प्लेटला काय द्यायचं ती दुसरी. तुला शाखा बघायची आहे ना? नोंदी आणणारी मेथड तेवढी आपली लिही. पानं पाडणं, टेम्प्लेट शोधणं, त्याला हात लावू नकोस. फ्लॅग घालताना गिऱ्हाईक उद्या काय मागेल ते तू आजच ठरवत होतास. ते कुणालाच ठरवता येत नाही. कुठे बदल करता येईल, एवढीच जागा मोकळी ठेवायची."

क्लास आले म्हणजे सगळं सुटलं, असं मात्र नाही. वारशाची साखळी लांबली की कोणती मेथड कुठून आली हे शोधण्यात दुपार जाते, आणि साध्या कामाला साधं फंक्शनच बरं, असं मानणारे अनुभवी लोक पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतं.

मुलाने अकराही फ्लॅग काढले. पतसंस्थेच्या क्लासमध्ये चार ओळींची मेथड आली. लगेच त्याच्या मनात आलं, हे शाखेचं गाळणं मिक्सिन, म्हणजे कुठल्याही क्लासला जोडता येणारा तुकडा, करून सगळ्यांना द्यावं.

"शाखा असलेलं दुसरं गिऱ्हाईक आलंय का?" मॅडमनी विचारलं.

"अजून नाही."

"मग पतसंस्थेच्याच ॲपमध्ये राहू दे."

दुसरी पतसंस्था आली तेव्हा तिच्याकडे शाखांवर विभाग होते आणि विभागीय अधिकाऱ्याला साऱ्या शाखा दिसायला हव्या होत्या. मुलाने आधी तिचा कोड वेगळा लिहिला, मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. लॉगिन तपासणं आणि शाखा नेमलेली नसेल तर रिकामी यादी देणं, एवढंच दोन्हीकडे तंतोतंत सारखं निघालं. मिक्सिनमध्ये त्याने तेवढंच घेतलं.