वेळ पडली तर

मनःशांती मिळवण्याचे अनेक मार्ग आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहेत; पण त्यांत संगणकाचा पॉवर सप्लाय बदलणे हा मार्ग काही माझ्या वाचनात आलेला नाही. तो मी स्वतः शोधून काढला. मनःशांती मिळाली की नाही हे शेवटी सांगतो. शांतता मात्र मिळाली, आणि ती बरीच महागात पडली.

झालं असं, की चिरंजीव नोकरीसाठी पुण्याला गेले आणि जाताना आपला जुना संगणक मागे ठेवून गेले. तो मी दिवाणखान्यात टीव्हीला जोडला, त्यात जुने सिनेमे भरले आणि घरच्या घरी थिएटर काढलं. नाशिकच्या माणसाला एवढा अधिकार आहेच. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढून झाल्यावर आपलं बिऱ्हाड नाशिकला घेऊन आले, आणि १९४४ साली इथेच वारले. दादासाहेबांची एक मोठी सोय होती. त्यांचे जवळजवळ सगळे सिनेमे मुके होते. प्रोजेक्टर कितीही खडखडला तरी ‘नायिका काय म्हणाली ते ऐकू आलं नाही’ अशी तक्रार करायची कुणाची टाप नव्हती. माझ्या सिनेमातली माणसं बोलतात. त्यातून जुन्या सिनेमात ती बोलण्यापेक्षा गप्पच फार बसतात. नायिका खिडकीशी उभी राहून हुंदका आवरते आहे, आणि नेमक्या त्या वेळी टीव्हीशेजारच्या खोक्यातून पिठाच्या गिरणीचा आवाज येतो आहे, हे दृश्य आम्ही आठ महिने पाहिलं. शेवटी एके रात्री सौभाग्यवतींनी “ती बाई रडतेय की दळण आणायला निघालीय?” असा प्रश्न विचारला, तेव्हा मी खोकं उघडायचं ठरवलं.

खोक्यातला आवाज पॉवर सप्लायच्या पंख्याचा होता. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज संगणकाला जशीच्या तशी पचत नाही. तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी लहान मुलाला भरवावी तशी शिते करून द्यावी लागतात. हे करताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि ती उष्णता बाहेर घालवायला पंखा लागतो. आमचा पंखा म्हातारा झाला होता. म्हातारपणी काम कमी आणि कुरकुर जास्त होते, हे मी त्याच्या आधीपासून अनुभवत असल्यामुळे मला त्याचा राग आला नाही.

दुकानात गेलो. दुकानदार चिरंजीवांच्याच वयाचा. म्हणाला, “काका, साडेसहाशे वॅटचा घ्या. गोल्ड आहे.”

मला वाटलं, मी चुकून सराफ बाजारात शिरलो. मग कळलं, की या वस्तूंना कार्यक्षमतेचे शिक्के असतात, आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशी त्यांची चढती भाजणी असते. मी आपला बिचकत म्हणालो, “अहो, पण आम्ही फक्त सिनेमे बघतो. एवढे वॅट करायचेत काय?”

तो म्हणाला, “आज नाही लागत, काका. पण वेळ पडली तर?”

संपलं! मराठी माणसाला जिंकायला याहून जास्त काही लागत नाही. आमच्या घरात माळ्यावर चाळीस स्टीलची ताटं आहेत, वेळ पडली तर. अकरा गाद्या आहेत. काचेच्या कपाटात फुलाफुलांचे सहा कप आहेत, त्यांतून वेळ पडली तर चहा प्यायचा आहे. आम्ही रोज कान तुटलेल्या कपांतून पितो. लग्नात तीनशे माणसांना पाचशेंचा स्वयंपाक होतो आणि दुसऱ्या दिवशी आख्खी आळी आंबूस मठ्ठा पिते. ही ‘वेळ’ नावाची बाई आमच्या घरी येते कमी, पण तिची बडदास्त बारा महिने चालू असते. मी पाकिटात हात घातला होता. पण मला वाचवलं ते पैशांनीच. ते पुरेनात.

घरी आलो तर शेजारचे निवृत्त इंजिनिअर ओट्यावर भेटले. त्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली. जिथे एकेक संच २१० मेगावॅटचा, तिथे आयुष्य काढलेला माणूस. मला वाटलं, ते साडेसहाशे वॅटला ‘किस झाड की पत्ती’ म्हणतील. ते म्हणाले, “मोजलंत का?”

“काय मोजायचं?”

“भूक. पान वाढण्याआधी जेवणारा किती खातो ते बघायला नको?”

ते वीज मोजायचं एक यंत्र घेऊन आले. भिंतीतल्या प्लगमध्ये ते लावून त्यात आमचा संगणक लावला. सुरू होताना, हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी, आकडा ५८ वॅटवर गेला. मग सिनेमा लागला आणि आकडा २८ वर येऊन स्थिरावला. तास झाला तरी २८. नायकाने खलनायकाला दरीत ढकललं तरी २८.

“आता बघा,” ते म्हणाले, “साडेसहाशेचे २८ म्हणजे पाच टक्केसुद्धा नाहीत. तुमच्या त्या गोल्डच्या शिक्क्याची परीक्षा २०, ५० आणि १०० टक्के भाराला घेतात. साडेसहाशेचे वीस टक्के म्हणजे १३०. त्याच्या खाली तो काय दिवे लावतो, हे शिक्का सांगतच नाही. नुसतं जागं राहायलाच यंत्राला थोडी वीज लागते, आणि काम लहान असलं की तो वरखर्च अंगावर येतो. आमच्याकडेही तेच. संच फार कमी भारावर चालवायचा म्हटलं, की भट्टीतली ज्योत टिकवायला कोळशाच्या जोडीला तेल जाळावं लागायचं. मोठं यंत्र लहान कामाला नाखूष असतं.”

“म्हणजे लहान घेतला तर पुष्कळ वीज वाचेल?”

“छे! फार तर सात-आठ वॅट. रोज चार तास धरले तर वर्षाला अकरा युनिट. तुमचा दोन किलोवॅटचा गीझर साडेपाच तास चालला की संपली तुमची देशसेवा.”

आदल्याच आठवड्यात मी गीझर चालू ठेवून कॉलेज रोडला फिरायला गेलो होतो. मी विषय बदलला. “पण तो दुकानदार म्हणत होता, की मोठ्याचा पंखा कमी भाराला फिरतच नाही. आवाजच नाही!”

“खोटं नाही सांगत तो. तसे असतात. म्हणून तर विचारतो, तुम्ही आवाजासाठी घेताय की भीतीसाठी?”

शेवटी आम्ही घेतली ती बोटभर रुंदीची एक पट्टी. ती थेट मदरबोर्डच्या चोवीस पिनांच्या खाचेत बसते, आणि तिला लॅपटॉपसारखा बाहेरून १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. पंखा नाहीच. अ‍ॅडॉप्टर ९० वॅटचा. मी अतिउत्साहात तीसचा मागत होतो, शेजाऱ्यांनी थांबवलं. “सुरू होताना ५८ लागतात, तीसवर ते उठणारच नाही. सवड हवी. पण मोजून हवी.”

त्या रात्री दिवाणखान्यात प्रथमच शांतता झाली. सौभाग्यवती झोपल्या होत्या. सिनेमातली बाई खिडकीशी उभी होती आणि तिचा श्वास ऐकू येत होता. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. आणि मग आतल्या खोलीतून, अगदी बारीक आवाजात, “अरे” असं ऐकू आलं.

आई. वय वर्षं ८६. मी उठून आत गेलो.

“पाणी दे रे जरा. तांब्या लांब राहिला.”

मी पाणी दिलं. म्हटलं, “अगं, जरा मोठ्याने हाक मारायची.”

“मारते की रोज,” आई म्हणाली. “तुझं ते यंत्र चालू असतं ना. ते बंद झालं, की मग परत मारते. कधी तोवर डोळा लागतो.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

आता एक सांगायला हवं. आमच्या नात्यागोत्यात मी मातृभक्त म्हणून प्रसिद्ध आहे. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी तीन रात्री इस्पितळातल्या खुर्चीत बसून काढल्या. मावशी अजून ते चारचौघांत सांगते आणि मीही तिला थांबवत नाही. आईसाठी मी घर विकीन, मूत्रपिंड देईन, वेळ पडली तर! साडेसहाशे वॅटचा, गोल्ड. आणि आईची मागणी किती? रात्री एक तांब्या पाणी. मोजलं तर पाच टक्केसुद्धा भरणार नाही. त्या भाराला माझी परीक्षा कोणी घेतली नव्हती, आणि मी आठ महिने नापास होत होतो.

त्या तीन रात्री खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. वेळ पडते, तेव्हा ५८ वॅट लागतात आणि ते अंगात असावेच लागतात. पण अशी वेळ आयुष्यात चार-दोनदा येते. बाकीचं आयुष्य २८ वॅटवर चालतं. पाणी दे, चष्मा कुठाय, आज भाजी तिखट झालीय का रे. चांगला माणूस म्हणजे मोठ्या वेळेला उभा राहणारा, असं आपण धरून चाललो आहोत. लहान भाराला त्याच्याकडून काय मिळतं, हे विचारायचं राहूनच जातं. मला ते विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण उत्तर पंख्याच्या आवाजात बुडालं होतं.

चिरंजीवांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी तिसऱ्या दिवशी बिनतारी घंटा पाठवली. आजीने उशाशी बटण दाबायचं, घंटा दिवाणखान्यात वाजणार. शंभर मीटरपर्यंत चालते. आमचं घर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा मीटर भरेल. पण वेळ पडली तर.

आईने ते बटण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि उशीखाली ठेवून दिलं. मी तांब्याही तिच्या हाताशी आणून ठेवला. सकाळी पाहिलं तर तो पुन्हा लांबच्या स्टुलावर. विचारलं तर म्हणाली, “राहू दे तिथेच. हाताशी असला की तू कशाला येशील?”

त्यामुळे सध्या आमचा सिनेमा पुढे सरकत नाही. खिडकीशी उभी असलेली ती बाई गेले चार दिवस तिथेच उभी आहे.