ताट दोघांचं

सकाळी सातला नोएडातल्या एखाद्या मराठी घरात दोन वेगळे डबे भरले जातात. तिच्या डब्यात दुधी, त्याच्या डब्यात बटाटा. त्याला दुधी चालत नाही, दोडका नको, पालेभाजीचं तर नावही काढायचं नाही.

याच नोएडात राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या 52,737 जोडप्यांची माहिती तपासली. 27.4 टक्के जोडप्यांत नवरा-बायको दोघांचंही वजन जास्त होतं. दिल्लीत हे प्रमाण 47 टक्क्यांच्या आसपास निघालं.

वजन असं जोडीनं वाढतं, तर ते उतरवायलाही जोडीदार हवा. टोमण्यांनी माणूस फक्त हट्टाला पेटतो.

नावडती भाजी आवडत्या पदार्थातून ताटात आणता येते. दुधी किसून घ्यावा, त्याला सुटलेल्या पाण्यातच ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, ओवा, मिरची मळून थालीपीठ थापावं. मधल्या भोकात चमचाभर तेल पुरतं. खरपूस वास सुटला की दुधीची तक्रार होत नाही. पुढच्या आठवड्यात दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. थंडीत दिल्लीच्या बाजारात मेथी आणि लालबुंद गाजरांचे ढीग लागतात, तेव्हा तर प्रयोगांना तोटा नाही. नवी चव जिभेवर रुळायला वेळ लागतो. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा वाढावी लागते.

ताटातल्या बदलाचा परिणाम कळायला आधी माप हवं. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर मानतात. आज घरातली शिवणाची टेप काढावी आणि आधी तिनं स्वतःचं माप घ्यावं, मग त्याचं.