पामरने पाठ फिरवली, पण कोणाकडे?

25 नोव्हेंबर 2012 रोजी कार्सन पामर ओकलंड रेडर्सच्या गणवेशात सिनसिनाटीच्या मैदानात उतरला, तेव्हा एके काळी त्याच्या नावाचा जयघोष करणाऱ्या प्रेक्षकांनी त्याची मनसोक्त हुर्यो उडवली. सिनसिनाटी बेंगल्सने तो सामना 34-10 असा जिंकला. त्या गावातल्या कित्येकांसाठी हिशेब तिथेच चुकता झाला. पण पामरने नेमका कोणाचा विश्वासघात केला, हा प्रश्न आजही तसाच आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचे सगळे आक्रमण क्वार्टरबॅकच्या हातून चालते. पामर हा व्यावसायिक लीगच्या 2003 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक. आयपीएलच्या लिलावाप्रमाणे इथेही आपला संघ निवडण्याची मुभा खेळाडूला नसते आणि निवडीचा पहिला मान सर्वांत दुबळ्या संघाला मिळतो. बेंगल्स तसेच होते. 1991 ते 2004 या 14 हंगामांत पराभवांपेक्षा विजय जास्त, असा एकही हंगाम त्यांच्या वाट्याला आला नव्हता. 2005 मध्ये पामरने 11 सामने जिंकून दिले आणि 15 वर्षांनी संघ प्लेऑफमध्ये पोचला. जानेवारी 2006 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध त्याने पहिलाच पास 66 यार्डांचा दिला, आणि चेंडू हातातून सुटताच एक बचावपटू त्याच्या डाव्या गुडघ्यावर येऊन आदळला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि सामनाही गेला. तरी सप्टेंबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा पामर मैदानात हजर होता.

त्या दुखापतीच्या थोडे आधी त्याने 2014 पर्यंतचा करार केला होता. 2010 च्या हंगामात संघाने 16 पैकी 12 सामने गमावले आणि जानेवारी 2011 मध्ये पामरने सांगितले, मला दुसऱ्या संघाकडे पाठवा, नाहीतर मी निवृत्त होतो. मालक माइक ब्राउन यांची भूमिका साधी होती: त्याने शब्द दिला आहे आणि तो मोडणाऱ्याला आम्ही बक्षीस देणार नाही. पामर सरावाला आलाच नाही. घोडे ऑक्टोबरपर्यंत अडले. मग ओकलंडचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला आणि त्या संघाने पुढच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या आपल्या निवडी मोजून पामरला नेले. बक्षीस द्यायचे नाही म्हणणाऱ्या ब्राउन यांच्या पदरात घसघशीत मोबदला पडला.

चाहत्यांचा राग खोटा नव्हता. तिकिटाचे पैसे भरून पडत्या काळात संघाच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांना, कोट्यवधी डॉलर मिळवलेला खेळाडू पाठ फिरवताना पाहून संताप येणारच. पण त्या संतापाखाली एक गृहीतक आहे: करार म्हणजे दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द. या लीगमध्ये ते खरे नाही. करारावर वर्षे कितीही लिहिलेली असोत, बहुतेक खेळाडूंच्या पुढच्या वर्षांच्या पगाराची हमी नसते. सहीचा बोनस आणि हमी दिलेली रक्कम तेवढी पक्की. खेळाडूचा गुडघा गेला, फॉर्म गेला किंवा तो महाग वाटू लागला, तर संघ त्याला मोकळे करतो, आणि त्याला कोणी विश्वासघात म्हणत नाही, तो व्यवहार. खेळाडूने जायचे म्हटले, तर मात्र करार संपेपर्यंत त्याचे हक्क संघाकडेच राहतात आणि घरी बसला तर पगारही बुडतो. सोडून जाण्याची मुभा एकाच बाजूला असेल, तर शब्द पाळण्याचे ओझे फक्त दुसऱ्या बाजूवर टाकणे अन्यायाचे आहे.

शिवाय शब्दाची भाषा करणाऱ्या मालकाचा हिशेबही पाहायला हवा. वडिलांनी स्थापन केलेला संघ 1991 मध्ये माइक ब्राउन यांच्या हाती आला. त्यांनी वेगळा जनरल मॅनेजर नेमला नाही; खेळाडू शोधणाऱ्यांची फौज तोकडी, हिवाळ्यात सरावाला बंदिस्त मैदान नाही, ही टीका वर्षानुवर्षे होत राहिली. त्यांच्या पहिल्या 20 हंगामांत विजयाचे पारडे जड राहिले ते फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा क्वार्टरबॅक पामरच होता. ज्या स्टेडियमात पामरची हुर्यो उडाली, तेही याच गावाच्या पैशावर उभे आहे. 1996 मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी डॉलरमागे अर्धा सेंट जादा विक्रीकर मान्य केला. पुढे ते उत्पन्न पुरेना आणि काउंटीला इतर खर्चांना कात्री लावावी लागली. गावाने आपला शब्द पाळला. बेंगल्सची संस्था अजिंक्यपदासाठी जीव तोडून झटते आहे असे कधी वाटले नाही, हे पामरने पुढे बोलूनही दाखवले. चाहते तेच वर्षानुवर्षे म्हणत होते. पण ते कृतीत आणणारा निघाला, तेव्हा त्यालाच फितूर ठरवण्यात आले.

पण म्हणून पामरला कामगारांचा पुढारी करण्याचेही कारण नाही. तो एकटा, स्वतःपुरता लढला. आयुष्यभर पुरेल इतका पैसा गाठीशी असल्यामुळेच त्याला घरी बसणे परवडले. किमान पगारावर खेळणाऱ्याला ही चैन नाही. शिवाय त्याच्या जाण्याने ज्यांची अडचण होणार होती, त्यांत मालकाबरोबर सहकारीही होते. नशिबाने नवख्या अँडी डाल्टनने त्याच हंगामात संघाला प्लेऑफमध्ये नेले. तसे झाले नसते तर हा प्रश्न पामरला अधिक टोचला असता.

कोरी डिलनचे उदाहरण इथे बोलके आहे. बेंगल्सचा हा विक्रमवीर धावपटू 2003 च्या अखेरच्या सामन्यानंतर आपले हेल्मेट आणि पॅड प्रेक्षकांत भिरकावून गेला आणि पुढच्याच हंगामात न्यू इंग्लंडकडून सुपर बोल जिंकला. तरी 2024 मध्ये सीझन तिकीटधारकांच्या मतांवर त्याला संघाच्या ‘रिंग ऑफ ऑनर’ या मानाच्या यादीत स्थान मिळाले. म्हणजे जाण्याची घाई चाहते माफ करतात. बहुधा पाठीशी विक्रम असेल तर लवकर करतात.

पामरच्या नावावर सिनसिनाटीत 46 विजय आणि 51 पराभव आहेत. त्या यादीत केन अँडरसन आणि बूमर इसायसन या बेंगल्सच्या जुन्या क्वार्टरबॅकच्या पंक्तीला बसण्यास हे पुरेसे नाही, असे कोणी म्हणाले तर ते मान्य करता येईल. तो खेळाचा निकष झाला. पण त्याने शब्द मोडला म्हणून त्याला बाहेर ठेवायचे असेल, तर तीच फूटपट्टी करार अर्ध्यावर तोडणाऱ्या प्रत्येक मालकालाही लावावी. ती लावायची तयारी नसेल, तर पामरवरचा आरोप मागे घ्यावा.