लॅव्हेंडरवर कोण येतं?

इंग्लंडमधल्या बागेत जुलैत लॅव्हेंडर फुललं की मधमाश्यांची चंगळ झाली असं सगळे म्हणतात. जवळ उभं राहून मोजायला लागलं की चित्र पालटतं. येणाऱ्यांत बहुतेक जणी बम्बलबी असतात: गुबगुबीत, केसाळ, भुंग्यासारख्या घुमणाऱ्या, कुणाचा पार्श्वभाग पांढरट, कुणाचा तांबडा. ज्यांचा मध आपण खातो त्या पाळीव माश्या अगदी थोड्या.

ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याचा छडा लावला. लॅव्हेंडरच्या फुलाची नळी सात-आठ मिलिमीटर खोल. मधमाशीची जीभ साडेसहाच्या आसपास, बम्बलबीची त्याहून लांब. शिवाय बम्बलबीचा हातही चलाख. मधमाशी एका फुलावर साडेतीन सेकंद घालवते, तेवढ्यात बम्बलबी दोन फुलं उरकून तिसऱ्यावर पोचलेली असते.

मग मधमाशीला लॅव्हेंडर आवडतच नाही, असं म्हणायचं? मोह होतो खरा. पण त्याच गटाने पुढे काही ताटव्यांवरून बम्बलबींना हटवलं, तेव्हा फुलांतला मधुरस वाढला आणि मधमाश्या येऊ लागल्या. आधीच्या पंगतीने पानं चाटूनपुसून साफ केली होती, एवढंच. म्हणजे फुलावर जी दिसते ती त्या दिवशीच्या स्पर्धेत तगलेली. तिच्या तिथे असण्याला आवड म्हणणं घाईचं आहे. (लोकरमाशी नावाच्या माशीचा नर तर आपल्या फुलांच्या तुकड्यावर पहाराच देतो आणि आलेल्यांना पोटाच्या टोकावरच्या काट्यांनी पिटाळतो. त्याच्या शेजारी केलेली मोजणी कशाची म्हणायची?)

‘मधमाश्यांना प्रिय’ अशी रोपांवरची चिठ्ठी म्हणूनच मला अर्धवट वाटते. कोणत्या माशीला, शेजारी दुसरं काय फुललेलं असताना, हे ती सांगत नाही. झाडांमध्ये फरक आहेच. बागेतल्या काही लोकप्रिय शोभेच्या फुलांकडे कीटक जवळजवळ फिरकतही नाहीत. पण तो फरक कळला म्हणजे पाहुण्यांचे आपसातले हिशेब कळले, असं होत नाही.

आपल्या दारातली तुळस लॅव्हेंडरच्याच कुळातली. तिच्या मंजिऱ्यांवर इवली फुलोरी मधमाशी निवांत बसलेली दिसते, मधूनच निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी हवेत थबकून झेप घेते. फुलोरी तुळशीसाठी आली, की सातेरी मधमाशीने दुसरीकडचा बहर आधीच गाठला म्हणून इकडे वळली? नुसतं तुळशीपाशी बसून ते कळणार नाही. कुंपणापलीकडच्या शेवग्यावर काय चाललंय तेही पाहायला हवं.