तीन अक्षरी, ज्वालाग्राही

शब्दकोड्यात ‘कच्च्या तेलापासून मिळणारे ज्वालाग्राही इंधन, तीन अक्षरी’ असे आडवे सूत्र आले की पेन्सिल घ्यावी, पेन नको. पेट्रोल बसते, डिझेल बसते, रॉकेलही बसते. उभ्या शब्दातून शेवटचा ‘ल’ हाती लागला तरी उपयोग नाही, तिन्हींचा शेवट तोच. (चार घरे असती तर घासलेट की केरोसीन, एवढाच वाद उरला असता.)

कोडे रचणाऱ्याला दोष देणार नाही. तिन्ही तेले एकाच कच्च्या तेलातून, वेगवेगळ्या तापमानाला वेगळी होऊन निघतात. फरक आहे तो पेट घेण्याच्या स्वभावात. उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही पेट्रोलची वाफ ठिणगी पडताच भडकते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंशांपर्यंत तापावे लागते. म्हणून तर ते कंदिलात आणि वातीच्या स्टोव्हमध्ये घरोघर नांदले. पण डोळ्यांना आणि पिंपाला हा स्वभाव दिसत नाही, आणि भेसळीचा सगळा धंदा तिथेच चालतो.

मोटारी येण्यापूर्वी अमेरिकेत मागणी होती ती दिव्याच्या रॉकेलला. पेट्रोलसारख्या हलक्या तेलाला गिऱ्हाईकच नव्हते. कारखाने ते नदीत सोडून देत. लबाड व्यापारी तेच रॉकेलमध्ये मिसळत आणि दिवे फुटून माणसे जळत. १८७० मध्ये रॉकफेलरने तेलाची कंपनी काढली तेव्हा नावात ‘स्टँडर्ड’ घातले, ते गिऱ्हाइकाची ही धास्ती ओळखूनच.

पुढे आपल्याकडे हीच भेसळ उलट्या दिशेने झाली. रेशनचे रॉकेल स्वस्त, पेट्रोल-डिझेल महाग; तेव्हा गरिबाच्या डब्यातले तेल टँकरमध्ये जाऊ लागले. सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. तो घालवायच्या युक्त्याही निघाल्या. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पुढे धाडी पडल्या, टोळ्यांची चर्चा झाली. दोन दरांमधली दरी मात्र तशीच होती, आणि माझ्या मते खरी टोळी तीच पोसत होती.

२०१६ पासून रॉकेलचा दर दरमहा काही पैशांनी वाढवत नेला, आणि २०२० पर्यंत त्यावरचे अनुदान संपले. मिसळण्यात फारसा नफा उरला नाही. रंगाला जे जमले नाही ते दराने केले, पण फुकट नाही. ज्यांच्या घरी गॅसची शेगडी आली आणि दुसरे सिलिंडर परवडले नाही, त्यांना आता स्वस्त रॉकेलचाही आधार नाही. तिथे पुन्हा सरपण गोळा करणे आले, आणि ते बहुधा बाईच्याच डोक्यावर.